दोन टायरांचे काम एक टायर करील काय?

महामार्गाच्या कडेला उभे राहून जाणाऱ्या मालमोटारींची चाके मोजण्याचा नाद पुष्कळ मुलांना असतो. या मोजणीत नवख्याची हटकून फसगत होते. पुढचे चाक एकटे असते, पण मागे जे एक चाक दिसते ते खरोखर दोन असतात. बाहेरच्या टायराच्या आड, हातभर आत, त्याचाच जुळा भाऊ लपलेला असतो. रस्त्यावरचे लोक यास ‘डबल टायर’ म्हणतात. आम्ही या लेखात त्यास जोडटायर म्हणू.

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या मालमोटारीस तिकडे ‘अठरा चाकी’ असेच नाव पडले आहे. तिचे दोन भाग असतात. पुढे ओढणारे वाहन; त्यास ट्रॅक्टर म्हणतात, परंतु तो शेतातला ट्रॅक्टर नव्हे. मागे मालाची लांबलचक पेटी. तिचे पुढचे टोक ट्रॅक्टरच्या पाठीवर टेकलेले असते आणि मागचे टोक तिच्या स्वतःच्या चाकांवर. अर्धा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून चालते म्हणून ती अर्धट्रेलर. ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाला दोन टायर, मागच्या दोन आसांना आठ आणि ट्रेलरच्या दोन आसांना आठ, असे मिळून अठरा होतात.

इ. स. २००० मध्ये मिशेलिन या फ्रेंच कंपनीने अमेरिकेच्या बाजारात ‘एक्स वन’ नावाचा एक विलक्षण रुंद टायर आणला. जोडटायर काढून त्यांच्या जागी हा एकच टायर बसवावयाचा, अशी ही कल्पना होती. सर्वत्र तो बसविला तर अठराचे दहा होतात. केवळ ट्रेलरला बसविला तर चौदा. ऐकावयास ही गोष्ट पायातला जोडा बदलण्याइतकी सोपी वाटते. वस्तुतः इंधनाचा खर्च, आसाची ताकद, चालकाची सुरक्षितता आणि सर्वांच्या पैशाने बांधलेला रस्ता, इतक्या गोष्टी या एका अदलाबदलीत गुंतलेल्या आहेत. म्हणूनच हा विषय आमच्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

प्रथम एक साधा प्रश्न. गाडीचा भार कोण उचलतो? टायराचे रबर उचलते, असे उत्तर बहुतेक जण देतील. परंतु रबराचे काम मुख्यत्वे हवा कोंडून ठेवण्याचे. भार उचलते ती आतली दाबलेली हवा. भार वाढला की टायर खाली थोडा सपाट होतो आणि हवेचा दाब गुणिले जमिनीस टेकलेले क्षेत्रफळ हा गुणाकार भाराइतका होईपर्यंत सपाट होत जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवर दोन जवळजवळच्या आसांच्या जोडीवर ३४,००० पौंड, म्हणजे सुमारे १५,४२० किलोग्रॅम भार चालतो. आठ टायरांत तो वाटला तर प्रत्येकी सुमारे १,९३० किलो. टायरात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो धरला, तर प्रत्येक टायर सुमारे २७५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकला पाहिजे. म्हणजे किती? आपल्या टपालखात्याची दोन पोस्टकार्डे शेजारी ठेवली तर थोडी कमीच पडतील, एवढीशी जागा! एवढ्याशा जागेवर जवळजवळ दोन टनांचा भार धावत असतो.

आता आठांऐवजी चारच टायर ठेवले, तर प्रत्येकावर सुमारे ३,८५५ किलो येतात. हवेचा दाब तोच ठेवावयाचा तर टेकण्याची जागा दुप्पट हवी. ती कोठून आणावयाची? टायर उंच करता येत नाही, कारण मग मालाची पेटीही वर चढेल. म्हणून तो रुंद करावयाचा. रुंद टायराच्या अंगावर ‘४४५/५० आर २२.५’ असा आकडा असतो. त्याचा अर्थ असा, की टायराची रुंदी ४४५ मिलिमीटर आहे, कडेची भिंत त्या रुंदीच्या ५० टक्के उंच आहे, बांधणी रेडियल आहे आणि तो साडेबावीस इंच व्यासाच्या चाकावर बसतो. ज्या जोडटायरांची जागा तो घेतो त्यांवर ‘२७५/८० आर २२.५’ असे लिहिलेले असते. विद्यार्थ्यांनी दोहोंचा व्यास काढून पाहावा. पहिल्याचा येतो सुमारे १,०१६ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे १,०११. इतका तंतोतंत मेळ योगायोगाने बसत नाही. गाडीची उंची न बदलता चाके बदलता यावीत, म्हणून तो मुद्दाम बसविलेला आहे.

हा बदल करावयाचा कशासाठी? मुख्य कारण इंधन. सायकलीच्या टायरात हवा कमी असली की ती जड चालते, हा अनुभव सर्वांचा आहे. टायराचा प्रत्येक भाग खाली येतो तेव्हा दबतो, कडेची भिंत वाकते आणि वर जाताना पुन्हा सरळ होते. रबर वाकविण्यास जेवढी शक्ती लागते तेवढी ते सरळ होताना परत देत नाही. जमिनीवर टाकलेला चेंडू पुन्हा पहिल्या उंचीपर्यंत उसळत नाही, त्याचेही कारण हेच. उरलेली शक्ती उष्णता होऊन जाते. लांबून आलेल्या मोटारीच्या टायराला हात लावला तर तो ऊन लागतो, ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. एक मीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरात तीनशेहून अधिक फेरे करते आणि प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकतो. दोन टायरांच्या जोडीला भिंती चार; एका रुंद टायराला दोनच. वाकणाऱ्या भिंती निम्म्या झाल्या की वाया जाणारी शक्तीही कमी होते. सगळे मर्म एवढ्यात आहे.

बचत किती होते? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये ‘स्मार्टवे’ नावाची योजना सुरू केली आणि इंधन वाचविणाऱ्या साधनांची पारख करण्यास आरंभ केला. ट्रॅक्टर आणि ट्रेलर दोहोंवर रुंद टायर असले, तर सामान्यतः तीन टक्क्यांच्या आसपास बचत धरली जाते. तीन टक्के ऐकून कोणी नाक मुरडील. एक मोटार वर्षाला दीड लाख किलोमीटर चालते आणि लिटरला अडीच किलोमीटर जाते असे समजा. तिला ६०,००० लिटर डिझेल लागेल. त्याचे तीन टक्के म्हणजे १,८०० लिटर. ज्याच्या शंभर मोटारी आहेत त्याने हा हिशेब पुढे न्यावा.

वजनही घटते. दोन टायर व दोन लोखंडी चाके जाऊन एक टायर व ॲल्युमिनियमचे एक चाक आले, तर दोन आसांच्या ट्रेलरचे वजन सुमारे दोनशे किलोने उतरते. पिसे किंवा कापूस नेणाऱ्यास याचे काही नाही. त्याची पेटी वजनाने भरण्याआधी आकाराने भरते. परंतु दूध, पेट्रोल किंवा सिमेंट नेणाऱ्या टँकरवाल्यास कायद्याची वजनमर्यादा आधी आडवी येते. गाडीचे वजन दोनशे किलोने कमी झाले, की तो तेवढाच माल प्रत्येक खेपेस अधिक नेतो. तिकडे रुंद टायराचे स्वागत टँकरवाल्यांनी सर्वांत मनापासून केले, ते यासाठी.

आणखी एक गुण आहे, त्याचा हिशेब पैशात मांडता येत नाही. जोडीतला आतला टायर हे चालकाचे जुने दुखणे. त्याच्या हवेच्या नळीपर्यंत हात पोहोचत नाही. पाऊस, चिखल, रात्र असली तर त्याकडे पाहण्याचेच राहून जाते. आतला टायर मऊ पडला तरी बाहेरचा जोडीदार त्याला धरून ठेवतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही एकाच हबवर घट्ट बांधलेले, त्यामुळे फेरे दोघांचे सारखेच व्हावयाचे. जोडीतल्या दोघांच्या व्यासात ६ मिलिमीटरांचा फरक असला, तर परिघात सुमारे १९ मिलिमीटरांचा फरक पडतो. भाराखाली तो फरक काहीसा मिटतो, तरी जो लहान आहे त्याला प्रत्येक फेऱ्यात थोडे थोडे फरफटत जावे लागते. तो झिजतो, तापतो आणि मोठ्यावर जास्त भार टाकतो. जोडीच्या मधल्या फटीत दगड अडकतो तो निराळाच. एकटा टायर समोर उघडा असतो, त्याची हवा पाहण्यास सबब उरत नाही.

येथवर वाचून वाचक म्हणतील, मग सगळेच का बदलीत नाहीत? याचे उत्तर दोन इंचांत आहे.

आसाच्या टोकाला हब असतो आणि तो दोन बेअरिंगांवर फिरतो, एक आतले व एक बाहेरचे. जोडटायरांची दोन चाके परस्परांकडे पाठ लावून बांधलेली असतात. त्यामुळे दोन टायरांच्या भाराची मध्यरेषा त्यांच्या मधोमध येते आणि आस व बेअरिंगे यांची रचना ती रेषा गृहीत धरूनच केलेली असते. आता जोड काढून एक रुंद टायर त्याच मध्यरेषेवर बसविला, तर भार योग्य जागी पडतो; पण जोडीची बाहेरची कड जेथे होती त्यापेक्षा या टायराची कड प्रत्येक बाजूस सुमारे आठ सेंटिमीटर आत येते. उभे राहताना पाय जवळ घेतल्यासारखे हे आहे. उंच लादलेला ट्रेलर वळणावर घ्यावयाचा असेल तर पाय फाकलेले बरे. म्हणून चाक बनविणाऱ्यांनी टायर दोन इंच बाहेर काढणारे चाक तयार केले. जुना आस तसाच राहतो, चाके बदलली की काम झाले. ट्रेलरच्या मालकास याहून सोयीचे काय?

परंतु भरलेली घागर अंगाशी धरून चालणे आणि हात लांब करून धरणे यांत काय अंतर आहे, ते पाणी भरणाऱ्यास विचारावे. घागर तीच, पाणी तेवढेच, तरी खांदा भरून येतो. भाराची रेषा दोन इंच बाहेर सरकली की आसाच्या टोकावरचा वाकविणारा जोर वाढतो आणि बाहेरच्या बेअरिंगावर त्याच्या वाट्यापेक्षा अधिक भार येतो. पुष्कळ अमेरिकन ट्रेलरांच्या आसाचे टोक निमुळते असते. त्यात बाहेरचे बेअरिंग आतल्याहून लहान. म्हणजे जास्त भार नेमका धाकट्यावर! यासाठी आस बनविणारे कारखाने असे चाक लावल्यास आसाची भारक्षमता कमी धरावयास सांगतात, किंवा दोन्ही बेअरिंगे सारख्या मापाची असलेला सरळ टोकाचा आस घ्यावा असे सुचवितात. बेअरिंग अकाली गेले तर केवळ दुरुस्तीचा खर्च होत नाही. ते तापते, जाम होते आणि प्रसंगी चाक सुटून रस्त्यावर धावत जाते. शंभर किलोंहून जड असे चाक समोरून येणाऱ्या मोटारीवर गेले तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. जो मालक हा कागद न वाचता केवळ चाके बदलतो, तो डिझेलचे पैसे वाचवून दुसऱ्याचा जीव टांगणीला लावतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवा ट्रेलर घेताना मात्र ही अडचण राहत नाही. मुळातच लांब आस मागवावा, त्यावर मध्यरेषेतले चाक बसवावे. पाय फाकलेले राहतात आणि भारही जागच्या जागी पडतो. उलट एक लाभच होतो. आतला टायर गेल्यामुळे मधे जागा मोकळी होते, त्यामुळे कमानी अधिक अंतरावर बसविता येतात आणि टँकरची टाकी थोडी खाली उतरविता येते. तात्पर्य, जुन्या ट्रेलरवर चाके बदलणे आणि नवा ट्रेलर रुंद टायरांसाठी बांधून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत त्यांची गल्लत फार होते.

टायर फुटला तर काय, हा चालकांचा पहिला आक्षेप. जोडीतला एक फुटला तरी दुसरा उभा राहतो आणि गाडी रडतखडत पुढच्या दुकानापर्यंत जाते, ही त्यांची समजूत. समजूत खरी असली तरी निर्दोष नाही. उरलेल्या एकट्यावर दुप्पट भार येतो, तो तापतो आणि पुष्कळदा थोड्या अंतरावर तोही जातो. शिवाय सपाट टायरावर गाडी चालविण्यास अमेरिकेच्या नियमांत परवानगी नाही. तथापि रुंद टायर फुटला म्हणजे चाकाची कडाच डांबरावर घासते, ॲल्युमिनियमचे चाक कुरतडले जाते आणि चालकास जेथे असेल तेथे, वाहत्या महामार्गाच्या कडेला, थांबून राहावे लागते. आपल्याकडे ट्रकखाली स्टेपनी बांधलेली असते. तिकडे बहुधा ती नसते, दुरुस्तीची गाडी बोलवावी लागते. आणि एखाद्या आडगावच्या दुकानात हे रुंद माप नसले, तर ते येईपर्यंत माल तेथेच. नाशवंत माल असला तर या एका प्रसंगात अनेक महिन्यांची इंधनबचत खर्ची पडते.

यावर उपाय आहे आणि तो सुबक आहे. ट्रेलरच्या ब्रेकसाठी दाबलेली हवा गाडीवर असतेच. तीच हवा पोकळ आसातून हबपर्यंत आणावयाची, तेथून फिरत्या सांध्यातून टायरात. टायर जरा मऊ पडला की यंत्रणा आपोआप हवा भरते आणि दिवा लागून चालकास वार्ता मिळते. बारीक खिळ्याने झालेले पंक्चर अशा गाडीस मुक्कामापर्यंत थांबवू शकत नाही. रुंद टायर घ्यावयाचे तर ही यंत्रणा घेतल्यावाचून घेऊ नयेत, असे आम्ही म्हणू. कारण जेथे जोडीदार नाही तेथे हवेचीच काळजी दुप्पट घेतली पाहिजे.

राखीव ताकदीचाही विचार हवा. या मापाच्या रुंद टायराची मान्य क्षमता १०,२०० पौंड. जवळजवळच्या दोन आसांवर प्रत्येक टायराच्या वाट्याला ८,५०० पौंड येतात, तेव्हा बरीच सोय उरते. पण काही उघड्या ट्रेलरांचे दोन आस दहा फुटांहून दूर बसविलेले असतात आणि तेथे कायद्याने प्रत्येक आसावर २०,००० पौंड चालतात. म्हणजे टायरामागे १०,०००! फक्त दोनशे पौंड शिल्लक. अशा गाडीला हा टायर लावणारा माणूस काठावरून चालत आहे, असे समजावे.

आता रस्त्याकडे वळू. रुंद चाक आणि रस्ता यांचा वाद नवा नाही. आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढविलेली लोखंडी अरुंद धाव कच्च्या रस्त्यात कशी चाकोरी पाडते, हे खेडेगावच्या वाचकास सांगावयास नको. टायरगाडी आली तेव्हा बैलांचे श्रम वाचले आणि चाकोऱ्याही उथळ झाल्या. इंग्लंडच्या पार्लमेंटने तर १७५३ सालीच कायदा करून पथकराच्या रस्त्यांवरील जड गाड्यांना नऊ इंच रुंदीची चाके सक्तीची केली होती. तेव्हा रुंद चाक हे रस्त्याचे मित्र मानले जात होते. मग आज त्याच रुंद टायराविषयी रस्ते बांधणारे साशंक का?

कारण येथे अरुंद चाक जाऊन रुंद येत नाही. दोन जाऊन एक येते. जोडीचे रबर मोजले तर ५५० मिलिमीटर, शिवाय मधल्या फटीमुळे भार आणखी पसरतो. रुंद टायर ४४५ मिलिमीटरांचा. तो एकटा भव्य दिसतो, पण ज्यांची जागा घेतो त्या दोघांच्या बेरजेपेक्षा अरुंदच आहे. त्याच्या आधीच्या पिढीतले एकेरी टायर ३८५ मिलिमीटरांचे होते. त्यांचा भार आणखी लहान जागेत एकवटे आणि डांबरात खोल चाकोऱ्या पडत.

भार आणि रस्त्याची हानी यांचे नाते सरळ नाही, ही गोष्ट अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ऑटावा गावाजवळ झालेल्या प्रचंड चाचणीने पुढे आली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी दोन वर्षे भरलेल्या मोटारी फिरविल्या. निष्कर्ष असा निघाला, की हानी साधारणपणे आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढला की हानी जवळजवळ दुप्पट. याच नियमाचा आधार घेऊन एक अंदाज बांधू. टायर बदलल्याने डांबरावरील ताण समजा दहाच टक्क्यांनी वाढला, तर १.१ चा चौथा घात होतो १.४६, म्हणजे रस्त्याचे आयुष्य बरेच घटले. तीन टक्के डिझेल वाचले आणि रस्ता असा झिजला, तर सौदा कोणाच्या पदरात पडला? डिझेल वाचते मालकाचे. रस्ता दुरुस्त होतो करदात्यांच्या पैशाने. या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

म्हणून दोन्ही खंडांत याची कसून तपासणी झाली. युरोपातील अनेक देशांनी मिळून विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कॉस्ट ३३४’ या नावाने एकेरी व जोड टायरांची तुलना केली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील ‘स्मार्ट रोड’ नावाच्या चाचणी-रस्त्यात ताण मोजणारी साधने गाडून त्यांवरून मोटारी नेण्यात आल्या. जुन्या अरुंद एकेरी टायरांहून ४४५ व ४५५ मिलिमीटरांचे नवे टायर रस्त्यास पुष्कळ सौम्य आहेत, हे या अभ्यासांतून दिसले. जोडीची बरोबरी मात्र सर्वत्र होत नाही. जाड थराच्या महामार्गावर अंतर थोडे राहते, पातळ डांबराच्या रस्त्यावर ते वाढते. आणि जोडीलाही पूर्ण गुण देऊन चालणार नाही, कारण प्रयोगशाळेतल्या जोडीची हवा दोहोंत सारखी असते, रस्त्यावरच्या जोडीची पुष्कळदा नसते.

काही अमेरिकन राज्यांनी या प्रश्नाची सोडवणूक फूटपट्टीने केली आहे. टायराच्या रुंदीच्या दर इंचास अमुक पौंड, असा त्यांचा नियम असतो. इंचाला ५०० पौंड धरले, तर साडेसतरा इंचांच्या चार टायरांवर ३५,००० पौंड चालतात; दोन आसांच्या ३४,००० पौंडांना ते पुरते. पण एकट्या आसाच्या दोन टायरांवर १७,५०० पौंडच, २०,००० नाहीत. तोच टायर, तोच कायदा. एका गाडीस चालतो, दुसरीस नाही.

युरोपाने निराळी वाट धरली. तेथील ट्रेलरांना दोनऐवजी तीन आस असतात आणि त्या तिहींवर मिळून २४ टन भार ठेवता येतो. प्रत्येक आसावर आठ टन, प्रत्येक टायरावर चार. त्यामुळे ३८५ मिलिमीटरांचे सहा एकेरी टायर तेथे कित्येक वर्षांपासून सर्रास चालतात आणि जोडटायरांचा ट्रेलर विरळा. टायर कमी केले, पण आस वाढविला. अमेरिकेने आस तेवढेच ठेवून टायर निम्मे केले, म्हणून तेथे रुंदीची एवढी ओढाताण झाली.

शेवटी मालकाच्या वहीत काय उतरते, ते पाहू. अमेरिकेत एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन-तीन ट्रेलर असतात. एक चालत असतो, दुसरा कारखान्याच्या दारात भरला जात असतो, तिसरा कोठे तरी रिकामा उभा असतो. उभा ट्रेलर डिझेल वाचवीत नाही. तीन टक्क्यांपैकी ट्रेलरच्या वाट्याला येणारा निम्मा भाग पुन्हा तीन ट्रेलरांत वाटला, की प्रत्येकाची कमाई वर्षाला तीनशे लिटरांवर येते. त्यात ट्रेलर एकाचा आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असला, तर चाकांचा खर्च एकाने करावयाचा आणि डिझेल दुसऱ्याचे वाचावयाचे, असा पेच पडतो. दरम्यान जोडटायर बनविणारेही स्वस्थ बसले नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने मोठ्या पेटीच्या ट्रेलरांना कमी ओढ घेणारे टायर २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. पण ते एकेरीच असावेत असे म्हटले नाही. चांगल्या रबराचे नवे जोडटायर आज रुंद टायराच्या बरेच जवळ आले आहेत.

त्यामुळे तिकडे चित्र दुभंगलेले आहे. दूध, तेल, रसायने वाहणारे टँकरवाले, ज्यांच्या गाड्या रोज ठरल्या वाटेने जातात आणि संध्याकाळी आपल्याच कार्यशाळेत परततात, ते रुंद टायरांवर संतुष्ट आहेत. देशभर कोठेही जाणाऱ्या पेटीच्या ट्रेलरांचे काही मालक रुंद टायर वापरून पुन्हा जोडीकडे वळले आहेत. आपल्या महामार्गांवर तर जोडटायरांचेच राज्य आहे. आपल्याकडे गावोगावची टायरदुकाने त्याच मापांवर चालतात, आणि भार मर्यादेत ठेवण्याची शिस्त अजून सर्वत्र रुजलेली नाही.

जुन्या ट्रेलरवर रुंद टायर चढविण्याच्या बेतात असलेला तिकडचा जाणता मालक प्रथम आसावरील कारखान्याची पट्टी वाचतो, टोक निमुळते की सरळ ते पाहतो आणि आपल्या वाटेवरील राज्यांचे दर-इंचाचे नियम काढतो. मग उरते ती विक्रीची गोष्ट. काही वर्षांनी तो ट्रेलर दुसऱ्याच्या हाती जावयाचा असतो आणि घेणारा बहुधा जोडटायर मागतो. म्हणून काढलेली आठ चाके भंगारात न घालता कोठारात ठेवण्याची रीत काहींनी पाडली आहे.